बासष्ट किलोची हवा

गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की त्याचे दोन प्रश्न ठरलेले असत. पहिला किमतीचा आणि दुसरा, "भाऊ, चढाला कशी आहे?" किंमत चिठ्ठीवर लिहिलेली असायची. दुसऱ्याचं उत्तर मी तोंडाने द्यायचो, आणि ते खरं देतो अशी माझी जळगावात ख्याती होती. विकली जाणारी सायकल मी खरं बोलून घालवली आहे, असं कितीदा झालं. बायको म्हणायची, "तुम्ही दुकानदार नाही, साक्षीदार आहात." तिच्या या बोलण्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा.

संपादकांनी दिवाळी अंकासाठी दुकानातल्या गमती मागितल्या. गमती पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलं की मन त्या दुसऱ्या प्रश्नापाशीच जाऊन थांबतं. तेव्हा गमती थोडक्यात आटोपतो. पुढचं ज्यांना सणासुदीला वाचवणार नाही, त्यांनी पान उलटावं, माझी काही तक्रार नाही.

माझे वडील धुळ्याला सायकली दुरुस्त करायचे. दांडीची काळी सायकल, मागे कॅरिअर, त्यावर दुधाच्या किटल्या नाहीतर गवताचा भारा. वाकडं झालेलं चाक सरळ करायला आमच्यात 'आऊट काढणं' म्हणतात, ते मी त्यांच्याकडे शिकलो. पुढे जळगावात स्वतःचं दुकान टाकलं. गिअरच्या सायकली आल्या, मग पुढच्या चाकाला धक्के झेलणारे शॉकप असलेल्या आल्या, आणि दहाएक वर्षांपूर्वी पुण्या-मुंबईकडून त्या अवजड डोंगरी सायकली यायला लागल्या. पुढे शॉकप, मागे शॉकप, आणि दोन्ही जवळजवळ वीतभर खाली-वर होणारे. टायर मोटारसायकलीला शोभतील असे. वजन सोळा-सतरा किलो. डोंगरावरून दगडधोंड्यांतून सुसाट खाली यायचं, वाटेत उड्या मारायच्या, यासाठी ती गाडी जन्माला आलेली. आणि ती आली कुठे, तर खानदेशात! इथे तापीकाठची काळी जमीन ताटासारखी सपाट, आणि डोंगर म्हटला तर उत्तरेला दिसणारा सातपुडा.

तरी लोकांनी घेतल्या. एका दातांच्या डॉक्टरांनी वजन कमी करायला घेतली आणि रोज सकाळी भुसावळ रोडला चालवायला लागले. गाडी मऊ. त्यांनी पायडलवर जोर दिला की ती आधी खाली बसायची, मग पुढे जायची. महिन्याभराने आले आणि म्हणाले, "वसंतभाऊ, माझं वजन आहे तेवढंच आहे. निदान गाडीचं तरी कमी करता येईल का?"

मी स्वतः ती चढाला कशी आहे हे बघायला एकदा धुळ्याजवळ लळिंगच्या घाटात घेऊन गेलो होतो. विकायची वस्तू आधी आपण वापरून बघावी, ही वडिलांची शिकवण. निम्म्या घाटात माझा ऊर भात्यासारखा चालायला लागला. मागून एक म्हातारा काळी सायकल हातात धरून, तिच्यावर गवताचा भारा लादून, पायी येत होता. तो माझ्या बरोबरीला आला, माझ्याकडे नि माझ्या गाडीकडे बघितलं आणि म्हणाला, "उतरी जाय भाऊ, पायी लवकर पोचशी." आणि खरोखर मला मागे टाकून निघून गेला.

पण त्या दिवशी आणखी एक कळलं, तेही खरं सांगितलं पाहिजे. डांबरी सोडून मी खडीच्या कच्च्या वाटेला लागलो, तिथे साध्या सायकलीचं मागचं चाक जागच्या जागी फिरतं. या गाडीचं फिरलं नाही. मागचा शॉकप चाकाला जमिनीवर दाबून धरतो, दगडावरून चाक चढतं-उतरतं पण जमीन सोडत नाही. मागे ताटाएवढी मोठी चकती असते, तिच्यावर चेन टाकली की पाय भराभर फिरतात आणि गाडी मुंगीच्या पायांनी वर जाते. म्हणजे चढते. फक्त घाई केलेली तिला खपत नाही, आणि चालवणाऱ्याला पुरता पिळून घेते. तेव्हापासून कोणी विचारलं की माझं उत्तर ठरलेलं. चढते, हळू चढते.

प्रफुल्ललाही हेच सांगितलं होतं. तो चोपड्याकडचा. घरची केळी, थोडा कापूस, खाऊनपिऊन सुखी घर. पोरगा पुण्याला कॉम्प्युटरच्या नोकरीत होता, पुढे घरूनच काम करायला लागला. त्याने माझ्याकडून सगळ्यांत अवजड गाडी मागवून घेतली. मी म्हटलं, "चढाला जीव काढेल." तो हसला. "काका, चढायचं ते उतरायसाठीच ना?"

दर पंधरवड्याला तो सातपुड्यात जायचा, आणि मधूनमधून जळगावला दुकानात डोकवायचा. आता इथे धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. या गाड्यांच्या मागच्या शॉकपात स्प्रिंग नसते, हवा असते. फुग्यासारखी नाही, चांगली दाबून भरलेली. ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे भरायची असते. माणूस गाडीवर नुसता बसला की शॉकप थोडा दबतो, त्याला आम्ही बैठक म्हणतो. शॉकपच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं, ते सरकतं आणि बैठक किती झाली ते दाखवतं. हवा कमी असली तर गाडी जास्त बसते. गाडी बसली की तिचं पोट जमिनीजवळ येतं आणि पायडल खालच्या दगडांना लागायला लागतं. म्हणून माझ्या दुकानात वजनकाटा होता. गिऱ्हाईकाला काट्यावर उभं केल्याशिवाय मी हवा भरत नसे.

प्रफुल्लचं वजन बासष्ट. हवा भरायचा छोटा पंप त्याने स्वतःचा घेतला होता आणि तो दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. शेवटचा आला तेव्हाही दुकानाच्या ओट्यावर बसून त्यानेच भरली. पंपाचा काटा बघत, जीभ दातांत धरून. मी चिडवलं, "अरे, सोनं तोलतोस का हवा भरतोस?" तो म्हणाला, "काका, हिच्यावरच तर बसायचंय." मग गाडी घरी ठेवून तो मोटारसायकलवर एका लग्नाला गेला. येताना रस्त्यात ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. मागे दिवा नाही, साधी लाल चिंधी नाही. सातपुड्याच्या कड्यांवरून उड्या मारणारं ते पोरगं सपाट रस्त्यावर आडवं झालं.

डोक्याला मार होता. दोन महिने दवाखाना झाला, मग डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. श्वास चालू, नाकात नळी, डोळे मिटलेले. मी एकदा भेटून आलो. पुन्हा जायची माझी छाती झाली नाही.

एके दिवशी दुकानापुढे पिकअप थांबली. मागे प्रफुल्लची गाडी गोधडीत गुंडाळून दोरीने बांधलेली. तिच्या शेजारी त्याचे वडील उभे होते. त्यांना गावात सगळे नाना म्हणतात. साठीला आलेले, आडव्या बांध्याचे, डोक्यावर टोपी. त्यांनी गाडी स्वतः उतरवली, मला हात लावू दिला नाही. खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

"भाऊ, ही गाडी चढस का?"

मी विचारलं, कोण चालवणार आहे. ते म्हणाले, "मी."

मग त्यांनी सांगितलं. प्रफुल्लची आई, अक्का, रोज गाडी पुसायची. पोराच्या खोलीतच तिने ती आणून ठेवली होती. एकदा पुसताना मागचं चाक फिरलं आणि त्याचा तो कटकट आवाज झाला. अक्का म्हणाली, प्रफुल्लची पापणी हलली. डॉक्टर म्हणाले, त्याला अर्थ नाही. पण आईला अर्थ लागला होता. आणि मग नानांनी देवीला शब्द दिला. सातपुड्याच्या अंगावर त्यांच्या घराण्याची एक देवी आहे, नाव मुद्दाम लिहीत नाही. पायथ्याच्या मारुतीपासून देवीच्या पहिल्या पायरीपर्यंत साधारण तीन किलोमीटर चढ. तो चढ नाना पोराच्या गाडीवरून चढणार, एकदाही पाय जमिनीला न टेकता.

लोक नवस आधी बोलतात आणि मागणं पुरं झालं की फेडतात. नानांचं उलटं. "मी पह्यले करसू, मंग मांगसू," ते म्हणाले. "तिले माले नही म्हनाले जागाच ऱ्हावाले नको."

मी गाडीकडे बघत होतो. खरं उत्तर काय होतं? खरं उत्तर होतं, नाना, ही गाडी उतरायची आहे. साठीच्या माणसाने हिच्यावर तीन किलोमीटर चढ चढू नये. पण मी ती विकलेली होती, आणि इतकी वर्षं तेच उत्तर देऊन जिभेला वळण पडलं होतं. मी म्हटलं, "चढते नाना. हळू चढते."

हलकी सायकल देऊ केली, फुकट देतो म्हटलं. त्यांनी मान हलवली. शब्द याच गाडीचा होता. मग मी त्यांना काट्यावर उभं केलं. चौऱ्याऐंशी. गाडीवर बसवलं, आणि रबरी कडं सरकत सरकत दांड्याच्या टोकाशी गेलं. बासष्ट किलोच्या हवेवर चौऱ्याऐंशी किलोचा माणूस. मी पंप घेऊन खाली वाकलो, तर नानांनी माझं मनगट धरलं.

"काय करतस?"

"हवा वाढवावी लागेल नाना. तुमच्या वजनाला ही कमी पडते."

"ही हवा कोनी भरेल शे?"

मी सांगितलं, प्रफुल्लने. माझ्यादेखत, या ओट्यावर बसून.

त्यांनी मनगट सोडलं नाही. "मंग हात लावजो नको. तेना हातनी शे. घरमा तेना हातनं आते दुसरं काय चालू शे?"

मी म्हटलं, काढत नाही, वरून थोडी घालतो. "मंग ती तेनी ऱ्हास का?" मी म्हटलं, निदान किती आहे ते मोजू द्या. आणि इथे माझी खरं बोलायची सवय आडवी आली. मोजायला पंप लावला की थोडी हवा पंपाच्या नळीत निघून येतेच, हे मी सांगून बसलो. विषय संपला. मोजणीही नाही. शॉकपला चढासाठी एक खटका असतो, तो लावला की गाडीचं डुलणं कमी होतं, तेवढा मी त्यांना शिकवला. पण खटक्याने बैठक कमी होत नाही, पोट जमिनीजवळ राहतं ते राहतंच. हेही मला ठाऊक होतं.

साक्षीदार म्हणून नानांनी मलाच बोलावलं. गावातला माणूस कोणी दयेपोटी खोटं बोलेल, कोणी द्वेषापोटी. "तुम्ही खरं सांगतस, बठ्ठा जळगाव म्हनस," ते म्हणाले. मला बरं वाटलं होतं. आज लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा बरं वाटलं होतं.

शुक्रवार देवीचा. पहिल्या शुक्रवारी मी माझी स्कूटर घेऊन त्यांच्या मागे राहिलो. पहिल्याच वळणावर, बोरीच्या झाडाखाली, पुढचं चाक उचललं गेलं. या गाडीवर माणूस मागे कलून बसतो, आणि चढावर हँडल ओढलं की पुढचं चाक वाऱ्यावर जातं. नानांचा पाय खाली आला. गाडी पिकअपमध्ये टाकली. त्या आठवड्यात मी चोपड्याला मुक्काम टाकला आणि त्यांना शिकवलं. सीटच्या पुढच्या टोकावर सरकायचं, छाती हँडलवर वाकवायची, कोपरं आत, जोराने नाही तर गोल पाय मारायचे. शेताच्या रस्त्यावर नाना सकाळ-संध्याकाळ फिरत. केळीच्या बागेतले मजूर काम थांबवून बघत, पण हसलं कोणी नाही.

दुसऱ्या शुक्रवारी बोरीचं वळण गेलं. डांबर संपून खडी लागली, तिथे मला धास्ती होती, पण तिथे गाडीने आपला गुण दाखवला. मागचं चाक एकदाही घसरलं नाही. नाना तीनातले दोन भाग वाट चढून गेले. मग त्यांचा श्वास संपला. ते स्वतःच उतरले, गाडी आडवी ठेवली आणि तिच्याशेजारी बसले. चेहरा काळानिळा झालेला. मी म्हटलं, "नाना, पुरे. देवीला कळतं." ते म्हणाले, "देवीले कळस. माले नही कळत."

घरी प्रफुल्लला ताप यायला लागला होता. छातीत कफ साठत होता. डॉक्टर बाहेर अंगणात हळू आवाजात बोलायचे. पुढचा शुक्रवार नानांना हवाच होता.

तिसऱ्या शुक्रवारी अक्का आधीच वर जाऊन पहिल्या पायरीवर उभी राहिली होती. ताटात नारळ, खण, तांदूळ. नाना मारुतीपासून निघाले. त्या दिवशी ते फार छान चालवत होते. चाळीस वर्षं मी माणसं सायकलीवर बघत आलो, असं चालवणं थोड्यांचं बघितलं. घाई नाही, ओढाताण नाही, नजर चाकाच्या दोन हात पुढे. बोर गेली, खडी गेली, जिथे मागच्या वेळी बसले ती जागा गेली. मला मागे स्कूटरवर रडू यायला लागलं. शेवटचं वळण राहिलं. त्या वळणावर वाटेत एक पाथर आहे, जमिनीतून वर आलेला, पावलाएवढा उंच. वळणाच्या पलीकडे तीस-चाळीस पावलांवर पायरी. पायरीवरून हे वळण दिसत नाही.

पुढचं चाक पाथरावरून गेलं. मागचं चढायला लागलं तशी गाडी बसली, आणि डावं पायडल पाथराला लागलं. खट्ट. त्या आवाजाची मी पंप घेऊन वाकलो होतो तेव्हापासून वाट बघत होतो असं म्हटलं तरी चालेल. गाडी कलली. नानांच्या डाव्या पायाचा अंगठा आणि चवडा जमिनीला लागला, धूळ उडाली, आणि पुढच्या क्षणी पाय पुन्हा पायडलवर होता. पापणी लवायला लागतो तेवढा वेळ. थांबलेसुद्धा नाहीत. वळण घेतलं, पायरीला चाक टेकवलं आणि गाडीवर बसूनच त्यांनी पायरीच्या कठड्याला हाताने धरलं. अक्काने ताट वर उचललं होतं.

नाना वळले. सगळं अंग थरथरत होतं. मी स्कूटर लावून पुढे आलो. त्यांनी विचारलं,

"भाऊ, पाय टेकना का मना?"

त्यांना नक्की कळलं नव्हतं. पाय बधिर झालेले, काहीतरी लागल्यासारखं वाटलं एवढंच. बघणारा मी एकटा. एक शब्द पुरे होता. अक्का माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय होतं ते वाचायला काही शहाणपण लागत नव्हतं.

मी म्हटलं, "टेकला, नाना. पाथरावर. जरासाच."

का म्हटलं? मी स्वतःला खूप कारणं दिली. देवाच्या दारात खोटं कसं बोलायचं. साक्षीदार म्हणून बोलावलं त्याला फसवायचं कसं. पुढच्या शुक्रवारी नक्की जमेल. पण ही सगळी कारणं नंतरची. त्या क्षणी माझ्या मनात देवी नव्हती, आणि खाटेवरचं पोरगंही नव्हतं. वसंतभाऊ खरं बोलतो, एवढंच होतं. गिऱ्हाईकाला सायकलीचे दोष सांगावेत तसा मी त्या बापाला त्याचा पाय टेकल्याचं सांगितलं.

नानांनी "बरं" म्हटलं आणि गाडीवरून उतरले. अक्काने ताटावर पदर घातला. न फोडलेला नारळ खाली आला. ती माझ्या स्कूटरवर मागे बसून आली, उतरेपर्यंत ताटावरचा पदर तिने काढला नाही.

सोमवारी सकाळी प्रफुल्ल गेला. चौथा शुक्रवार आला तेव्हा त्यांच्या घरी सुतक होतं.

पायडल दगडाला लागलं म्हणून पोरगं गेलं असं मी मानत नाही. कफाने गेलं, ट्रॉलीने गेलं. पण नाना मानतात, आणि मानायला त्यांना मीच लावलं. दहाव्याला नदीवर जो कोणी भेटेल त्याला ते सांगत होते, "मना पाय टेकना." कोणी दुसरं काही बोललं तरी, "नही, मनाच पाय टेकना." मला ते ऐकवेना. मी त्यांना बाजूला नेलं. म्हटलं, "नाना, पाय तुमचा नाही टेकला. गाडी खाली बसली, पायडल लागलं. तुमच्या वजनाला शॉकपात हवा कमी होती. दोष तुमचा नव्हे."

त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हंजे तेनी हवा कमी पडनी, असं म्हनतस?"

तेव्हापासून चढाबद्दल, हवेबद्दल, गाडीबद्दल मी त्यांच्याशी बोललो नाही. आपल्या धंद्यातलं ज्ञान म्हणजे मोठी पुंजी असं मी समजत होतो. त्या नदीकाठी ते माझ्या हातात निखाऱ्यासारखं राहिलं, ठेवायला जागा नाही.

महिन्याभराने नाना गाडी घेऊन आले. घरात ठेवली तर अक्का चाक फिरवत बसते, म्हणाले. इथे राहू द्या. आणि जाताना, "हवा काढजो नको." मी गाडी आत भिंतीला लावून ठेवली. मग दर महिन्याला ते यायचे. चहा घेत नसत. गाडीपाशी जायचे, सीटवर तळहात ठेवून दाबायचे. गाडी खाली जायची, वर यायची. दोन-तीन वेळा दाबून, टोपी सारखी करून, ते परत जायचे.

शॉकपातली हवा कायमची नसते. आतली रबरं झिजतात, हवा बारीक बारीक निघत राहते. प्रफुल्ल असता तर त्याने वरचेवर भरली असती. एका सकाळी बघतो तर गाडी मागून बसलेली, रबरी कडं तळाला. सीट दाबली ती खाली गेली आणि वर आलीच नाही. काहीच उरलं नव्हतं. नाना दुसऱ्या दिवशी यायचे होते.

मी ओट्यावर त्याच जागी बसलो. प्रफुल्लचा पंप गाडीच्या पिशवीतच होता. काटा बघत भरली, बासष्टला लागते तेवढी. दोनदा पंप निसटला. चाळीस वर्षांत कितीतरी चाकं सरळ केली, पण इतकं वाकडं काम कधी केलं नव्हतं.

पुढे ते अंगवळणी पडलं. रबरं आता पार गेलेली, म्हणून दर पंधरा दिवसांनी भरायची. दुकान मी गेल्या वर्षी बंद केलं. गुडघे गेले, आणि खरं म्हणजे मनही गेलं. कोणी "चढाला कशी आहे" विचारलं की मी आतल्या खोलीत जायला लागलो होतो. सगळा माल काढून टाकला, फक्त ती गाडी घरी आणली. नाना घरी यायला लागले.

या पोळ्यानंतर आले तेव्हा फार थकलेले दिसले. अक्का आता कोणाला ओळखत नाही, म्हणाले. गाडीपाशी गेले. सीटवर हात ठेवला, दाबली, सोडली. पुन्हा दाबली. मग हात तसाच ठेवून, माझ्याकडे न बघता विचारलं,

"शे ना भाऊ? तेनीच शे ना?"

"आहे नाना," मी म्हटलं. "त्याचीच आहे."

त्यांनी मान हलवली. टोपी सारखी केली. दारापर्यंत गेले, चप्पल घातली आणि उंबऱ्यापलीकडून म्हणाले, "तव्हय पायरीवर बी असंच सांगी देतात भाऊ, तं काय जातं तुमनं?"

रागाने नाही म्हणाले. एखाद्याला रस्ता विचारावा तसं म्हणाले. उत्तरासाठी ते थांबले नाहीत.

त्यानंतर नाना आलेले नाहीत. हवा पंधरा दिवसांनी उतरते. मी भरतो, बासष्टला लागते तेवढी.